हाकेच्या अंतरावर

मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेली बाई कुणाच्या दारात जाऊन उभी राहते, यावर तिच्या पुढच्या आयुष्यातलं बरंच काही ठरतं. शेजारीण तिला आत घेते की खिडकी लावून घेते. पोलीस पाटील तिचं ऐकून घेतो की नवऱ्याला बोलावून तिला त्याच्याच हवाली करतो. ठाण्यातला अंमलदार तक्रार लिहून घेतो की ‘घरगुती भांडण आहे, सकाळपर्यंत निवळेल’ म्हणत परत पाठवतो. कायद्याचा संबंध यानंतर येतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो येतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं, त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, पण झाला प्रकार कुणाच्या कानावरही घातला नव्हता. ज्या थोड्या जणींनी तोंड उघडलं, त्यांना आधी आठवलं ते माहेर. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी मोजक्या.

महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याची नोंद याच सर्वेक्षणात आहे. म्हणजे चौघींत एक, आणि हीही फक्त सांगितलेल्यांची संख्या. या संग्रहातले वृत्तांत त्या चौथीच्या आसपास वावरणाऱ्या माणसांचे आहेत: आशाताई, अंगणवाडीसेविका, समुपदेशक, परिचारिका, शिक्षक, बचत गटाच्या अध्यक्ष, एखादा तरुण पोलीस पाटील. घटना घडून गेल्यावर मोर्चे निघतात, फाशीची मागणी होते, वाहिन्यांवर चर्चा रंगतात. पहिली थप्पड पडण्याआधी, किंवा दुसरी पडू नये म्हणून जे काम गल्लीत आणि वाडीवस्तीवर चालतं, त्याची दखल क्वचितच कुणी घेतं. मला ते काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

महाराष्ट्राला या कामाचा मोठा वारसा आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून १९८० मध्ये देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचं ४९८-अ हे कलमही दंडसंहितेत आलं. आज ते भारतीय न्याय संहितेत वेगळ्या क्रमांकाने आहे, पण बायका अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव टाकली’ असंच म्हणतात. एका तालुक्याच्या ठिकाणची घटना देशाचा कायदा बदलायला कारण झाली, हे आपल्या लक्षात राहिलेलं नाही.

पुण्यातलं १९८२ सालचं मंजुश्री सारडा प्रकरणही असंच. एका सुस्थितीतल्या घरातल्या तरुण विवाहितेचा संशयास्पद मृत्यू. खटल्यात पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपीला सोडलं. पण त्याआधीच विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभं केलं होतं, ते गावोगावी नेलं होतं. पोस्टर बघता बघता बायका थांबायच्या आणि स्वतःचंच सांगायला लागायच्या. नारी समता मंच आणि तिथलं ‘बोलते व्हा’ केंद्र यांचा उगम या ऐकण्यात आहे. १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद घेतली. नवऱ्याने टाकलेली बाई हा तोवर त्या त्या घरच्या नशिबाचा भाग मानला जायचा. परिषदेने तो रेशनकार्डाचा, पोटगीचा, घराचा प्रश्न केला. आज जे काम ‘उपक्रम’ आणि ‘प्रकल्प’ म्हणून ओळखलं जातं, त्याची मुळं या चळवळींत आहेत, आणि ती विसरली की काम अहवाल भरण्यापुरतं उरतं.

संस्थात्मक पातळीवर या राज्याने देशाला दिलेली मोठी देणगी म्हणजे पोलिसांच्या आवारातला विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी असा पहिला कक्ष सुरू केला. नंतर तो राज्यभर पसरला. कल्पना साधी होती. बाई शेवटी पोलिसांकडेच येणार, तर तिथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी. खोली पोलिसांची, पण काम करणारी पोलीस नाही.

अशा कक्षातली एखादी सकाळ जवळून बघावी. बाई सहसा एकटी येत नाही. बरोबर आई असते, भाऊ असतो, कधी कधी तर नवराच ‘मीच घेऊन आलो, समजवा हिला’ म्हणत आलेला असतो. कार्यकर्ती आधी सगळ्यांना बाहेर बसवते. मग बाईला विचारते, तुला काय हवंय? या प्रश्नाची तिला सवय नसते. बराच वेळ ती गप्प राहते, आणि नंतर बहुतेकदा येतं ते उत्तर हेच, की मला नांदायचंय, फक्त त्यानं हात उचलू नये. इथे कार्यकर्तीची कसोटी असते. ‘सोड त्याला’ हे सांगणं सोपं आणि ‘जरा सांभाळून घे’ हे त्याहून सोपं. ती दोन्ही सांगत नाही. आजची रात्र कशी जाईल, इथून सुरुवात करते. आधार, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून भरवशाच्या शेजारणीकडे ठेवायचं. दोन फोन नंबर पाठ करायचे, कारण भांडणात पहिला फुटतो तो मोबाइल. स्वयंपाकघरात भांडण सुरू झालं तर तिथून आधी बाहेर पडायचं. तिथे विळी असते, गॅस असतो. मुलांना सांगून ठेवायचं, आरडाओरडा झाला की कुणाकडे पळायचं.

मग नवऱ्याला पत्र जातं. तो येतो तेव्हा बहुधा तावातावाने येतो. त्याचंही ऐकून घेतलं जातं, पण मारहाण हा चर्चेचा विषय नाही, ती थांबायलाच हवी, एवढं त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. दोघांची एकत्र बैठक बाईची तयारी असेल तरच. तिला वेगळं व्हायचं असेल तर तिचं सामान परत मिळवणं हेही मोठं काम आहे. पोलिसांना बरोबर घेऊन, यादी करून, तिच्या लग्नातली भांडी, शिलाई मशीन, कपाट टेम्पोत चढवलं जातं आणि अख्खी गल्ली ते बघत असते. ते बघणाऱ्या बायकांपैकी एखादी काही दिवसांनी कक्षाचा पत्ता विचारत येते.

दवाखान्याचं दारही असंच महत्त्वाचं, किंबहुना काही बाबतींत जास्तच, कारण तिथे बाईला जाऊ दिलं जातं. पोलिसांत जाऊ न देणारी सासू टाके घालायला मात्र घेऊन येते. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेने आणि महापालिकेने मिळून २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तोवर केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडली’ असं लिहिलं जायचं आणि टाके घालून बाईला घरी पाठवलं जायचं. दिलासाने परिचारिकांना आणि डॉक्टरांना जखमा वाचायला शिकवलं. पाय घसरून पडलेल्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ कसे? हीच बाई सहा महिन्यांत तिसऱ्यांदा कशी आली? उंदीर मारायचं औषध चुकून कोण पितं? नातेवाइकांना बाहेर पाठवून, पडद्याआड, हळू आवाजात एक प्रश्न विचारायला काही मिनिटं पुरतात. त्या मिनिटांत झालेली नोंद पुढे न्यायालयातही उपयोगी पडते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ही सवय अजून मुरलेली नाही, आणि तिथे ती मुरवणं हे येत्या काळातलं पहिलं काम असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

गावाकडे गोष्टी वेगळ्या असतात. तिथे ‘मिटवून घ्या’ हा शब्द सगळ्यात आधी येतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले वाद गावातच मिटावेत, कोर्टकचेरीचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगलाच होता. बांधाचे, वाटेचे, पाण्याच्या पाळीचे वाद अशा समित्यांनी समजुतीने मिटवावेत हे योग्यच. पण बांधाच्या वादात दोन्ही माणसं गावचीच असतात. मार खाणारी सून दुसऱ्या गावाहून आलेली असते. समितीत बसलेले चुलते, भाऊबंद, मित्र सगळे त्याचे. तिचं त्या गावात रक्ताचं कुणीच नाही. अशा बैठकीत ‘मिटलं’ याचा अर्थ ती परत त्याच घरात गेली, एवढाच होतो. पुढे काय झालं हे विचारायला कुणी जात नाही. नवरा-बायकोतल्या मारहाणीला तंट्याच्या यादीत घालणं मला चूक वाटतं, आणि या संग्रहातल्या अनेक कार्यकर्त्यांचा अनुभवही तोच आहे. ज्या गावांत हे काम नीट झालं तिथे बायकांची वेगळी बैठक होती, तडजोडीनंतर घरी जाऊन चौकशी करण्याची जबाबदारी एकीवर नावानिशी दिलेली होती, आणि दुसऱ्यांदा मारहाण झाली तर गाव मध्ये पडणार नाही, थेट ठाण्यात जाईल, हे नवऱ्याला चारचौघांत बजावलेलं होतं.

ग्रामसभेत ताकद आहे, हे खरंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, सणासमारंभात बाजूला बसवणं. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. विधवेचा अपमान ही हिंसाच आहे, फक्त तिला विधीचं नाव आहे. ठराव कागदावर राहू शकतो. बांगड्या फोडायला पुढे आलेला हात धरणारं कुणीतरी त्या वेळी तिथे असावं लागतं. पण हात धरणाऱ्याला आता ‘हे गावानं ठरवलंय’ असं म्हणता येतं, आणि गावात या वाक्याला वजन असतं.

दारूबंदीचंही तसंच. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की दुकानाबाबत मतदान घ्यायचं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, अशी तरतूद आपल्याकडे आहे. न पिणारे नवरेही मारतात, हे खरं. दारू हे हिंसेचं मूळ नाही. पण पगाराच्या दिवशी कोणत्या घरातून ओरडा ऐकू येणार हे वस्तीतल्या बायकांना आधीच ठाऊक असतं, आणि मतदानाच्या निमित्ताने त्या पहिल्यांदा एकमेकींशी याबद्दल उघड बोलतात. बाटली आडवी झाल्यावर पुढे अवैध दारू येते, हप्ते सुरू होतात, लढाई लांबते. तरी त्या बोलण्यातून तयार झालेला गट टिकतो.

आता ज्या मुद्द्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, त्याकडे येतो. घर कुणाच्या नावावर आहे? प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमध्ये केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावावर ना घर होतं ना जमीन, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावावर घर आणि जमीन दोन्ही, अशांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं. कारण समजायला अवघड नाही. जिला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करतो.

महाराष्ट्रात हे आधी ओळखलं ते शेतकरी संघटनेने. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनाला लाखाच्या घरात शेतकरी बाया जमल्या, आणि पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. शेकडो गावांत शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. वडिलोपार्जित संपत्तीत मुलींना मुलांइतका वाटा देणारी दुरुस्तीही राज्याने १९९४ मध्येच केली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. नमुना आठवर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचं धोरणही राज्यात आलं. आणि तरीही तहसील कचेरीच्या आवारात जाऊन बघा. वडील गेले की वर्षाच्या आत बहिणी गाडीतून येतात, हक्कसोड पत्रावर अंगठा किंवा सही करतात, भाऊ सगळ्यांना जेवायला घालतो, साडी नेसवतो आणि त्या परत जातात. त्या अडाणी आहेत म्हणून सही करत नाहीत. त्यांचा हिशोब पक्का असतो: वाटा मागितला तर भावाचं दार बंद होईल, आणि उद्या सासरी काही झालं तर जायचं कुठे? म्हणजे संकटात आसरा मिळावा म्हणून ती आसऱ्याचा हक्क सोडते. मग खरंच संकट येतं, ती दोन मुलं घेऊन त्या दारात उभी राहते, आणि वहिनी तिसऱ्या दिवशी विचारते, ‘ताई, किती दिवस राहणार?’ हिंसा रोखण्याचं काम करणाऱ्यांनी हक्कसोडीच्या दिवशीच त्या कचेरीत असायला हवं. काही ठिकाणी कार्यकर्त्या आता जाऊ लागल्या आहेत.

मुलींच्या बाबतीत सगळंच आधी सुरू होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीनुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यात हे प्रमाण बरंच जास्त आहे, आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्याचा ऊसतोडीशी थेट संबंध आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यावर निघाले की चौदा वर्षांच्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न पडतो. गावी ठेवावी तर लक्ष कोण देणार? फडावरच्या कोपीला दार नसतं. मग लग्न लावून देणं हा आईबापाला सुरक्षिततेचाच उपाय वाटतो, आणि नव्या जोडीचा एक कोयताही तयार होतो. अशा घरासमोर जाऊन कायद्याचं कलम वाचून दाखवणाऱ्याला तोंडावर दार लावलेलं सोसावं लागतं. मुलीला हंगामी वसतिगृहात जागा मिळाली, किंवा गावातल्या आजीकडे राहून तिची शाळा चालू राहिली, तर लग्न पुढे जातं. दोन हंगाम निभावले की मुलगी दहावीला पोचते.

ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. १०९८ वर फोन आला की तो पोलिसांसह मांडवात पोचतो, लग्न थांबतं, आईबाप लेखी हमी देतात. आठ दिवसांनी तेच लग्न दुसऱ्या गावात, देवळात, वाजंत्रीशिवाय लागतं. म्हणून शहाण्या कार्यकर्त्या मांडवात जाण्यापेक्षा आधी शाळेतल्या हजेरीकडे बघतात. मुलगी चार दिवस आली नाही की घरी जातात. मंडपवाला, आचारी आणि पत्रिका छापणारा यांनाही कायद्याने लग्नाला मदत केल्याचा गुन्हा लागू शकतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवतात. ही माणसं मग वयाचा दाखला मागू लागतात.

पुरुषांबद्दल थोडक्यात, कारण पुढे यावर स्वतंत्र लेख आहे. पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी १९९१ मध्ये, बायकांना मारहाण होते हे ज्यांना सहन होत नाही अशा पुरुषांना वृत्तपत्रातून आवाहन केलं. त्या प्रतिसादातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाविद्यालयांतल्या मुलांबरोबर काम करताहेत, ‘पुरुषस्पंदनं’ हा दिवाळी अंक काढताहेत. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समानतेचे वर्ग घेण्यात आले. या वयाचा मुलगा वर्गात बहिणीच्या दिवसाचं वेळापत्रक लिहितो, शेजारी स्वतःचं लिहितो, आणि तिचं पान आधी भरतं. बाकी स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

हे सगळं करणाऱ्यांची अवस्था मात्र बरी नाही. आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका आहे, तिला कामागणिक मोबदला मिळतो, आणि मारहाणीची बातमी योग्य जागी पोचवणं हे त्या यादीतलं मोठं काम धरलं जात नाही. समुपदेशक कंत्राटावर. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, पण त्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचं काम बऱ्याच ठिकाणी अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलं जातं. जी बाई दुसरीच्या मदतीला जाते ती त्याच गावात राहते. ‘आमचं घर मोडलंस’ हे तिला ऐकवलं जातं, तिच्या नवऱ्याला पारावर टोमणे मारले जातात, तिच्या मुलाला शाळेत त्रास होतो. तिला नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, प्रवासभत्ता, नियमित पगार आणि रात्री फोन केला तर उचलणारा एक पोलीस अधिकारी हवा. यात अवाजवी काही नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नसेल, आणि ती मिळवण्यासाठी या कार्यकर्त्यांबरोबर आपण उभं राहिलं पाहिजे.

वृत्तांतांमधली बायकांची, मुलींची आणि गावांची नावं बदलली आहेत. कार्यकर्त्यांची नावंही त्यांनी सांगितलं तरच दिली आहेत. काही वृत्तांत अर्ध्यावर थांबतात, कारण ती प्रकरणं अजून न्यायालयात आहेत आणि त्यावर अधिक लिहिणं त्या बायकांच्या हिताचं नव्हतं. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला १८१, ११२ आणि १०९८ हे क्रमांक छापले आहेत. त्याखाली तालुक्याचा संरक्षण अधिकारी, जिल्ह्याचं सखी केंद्र, विधी सेवा प्राधिकरण आणि गावातली विश्वासाची व्यक्ती यांच्यासाठी जागा कोरी ठेवली आहे. ती आपापल्या गावाप्रमाणे भरावी आणि ते पान झेरॉक्स काढून शाळेत, दवाखान्यात, रेशन दुकानात, जिथे बायका एकट्या थांबतात अशा जागी लावावं.